ब्रेक कुठे आहेत?

"वाकून बसलास की ब्रेक कुठे रे?" पणजीजवळच्या रायबंदरच्या चहावाल्या काकांनी माझ्या नव्या ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) सायकलकडे बघत विचारलं.

दाखवले. ब्रेक बाहेरच्या हँडलच्या टोकांना, गिअर मधल्या एअरोबारवर, म्हणजे कोपरं टेकवून धरायच्या पुढच्या दांड्यांवर. "म्हणजे जोरात असताना ब्रेक हाताशी नाही?"

नाहीच. काल रात्री टॉर्क रेंचने (मोजून आवळायच्या पान्याने) सीटखालच्या कार्बन दांड्याचा बोल्ट आवळताना, सीट पुढे सरकवताना डोक्यात फक्त वारा होता. या सायकलची सगळी रचनाच वाऱ्याला अंग कमी देण्यासाठी. आणि पहाटे रायबंदरच्या त्या 17व्या शतकातल्या बांधावर कोपरं टेकवून वाकलो, तेव्हा काय सुख होतं ते! मांडवी नदी एका बाजूला, मिठागरं दुसऱ्या बाजूला.

मग एक कुत्रा रस्त्यात आला. हात एअरोबारवरून ब्रेकवर जाईपर्यंत सायकल कितीतरी पुढे गेली होती. कुत्रा वाचला, मीही.

आयर्नमन 70.3 या ट्रायथलॉन शर्यतीत सायकलचे 90 किलोमीटर असतात आणि त्या दिवशी रस्ता आपल्यासाठी मोकळा केलेला असतो. सराव मात्र बस, स्कूटर आणि गुरांमधूनच. सराव करणाऱ्या मुलामुलींची संख्या गोव्यात वाढतेय, त्यांची मला खरंच काळजी वाटते.

रविवारी पहाटे दोन तास पणजीजवळचा एखादा रस्ता फक्त सायकलींसाठी ठेवता येणार नाही का?