दोन फुटी टँक आणि जोडी-जोडीने आणलेले मासे

माझ्या पहिल्या टँकमध्ये सात जातींचे चौदा मासे होते, प्रत्येकाची एक एक जोडी. गप्पी, नियॉन टेट्रा, टायगर बार्ब, एंजल, मॉली, तळाशी राहणारे छोटे कॅटफिश म्हणजे कोरी, आणि काच साफ करायला म्हणून दोन सकर. टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे कागदावर ५६ लिटर, पण खालची वाळू आणि वर सोडलेली जागा धरली तर खरं पाणी ४५ लिटरच्या आसपासच. पहिले तीन दिवस आम्ही सगळे समोरून हललो नाही. चौथ्या दिवशी गप्पीची शेपटी कुरतडलेली दिसली.

तेव्हा मला त्या टायगर बार्बचा खूप राग आला होता, आता येत नाही. हा मासा झुंडीत राहणारा आहे, आठ-दहा असले की त्यांची पाठलागाची सगळी रग आपापसात जिरते, दोनच असले की मग समोर जे लांब आणि लोंबतं दिसेल ते धरतात, गप्पीची शेपटी असो नाहीतर एंजलचे पर. नियॉन दोघंही फिल्टरच्या मागून बाहेर यायला तयार नव्हते, त्यांचा तो निळा पट्टा आम्ही नीट पाहिलाच नाही. पुढे एंजल वाढले आणि एका सकाळी दोन्ही नियॉन गायब. नियॉन जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा, एंजलच्या तोंडात मावतो, आणि तोंडात मावलं की ते खाणं, त्यात एंजलची काय चूक?

एकटा मासा उदास होईल म्हणून आपण जोडीने आणतो, भावना चांगलीच आहे, पण नियॉनसाठी दोन म्हणजे एकटंच. त्याला निदान सहा-आठ सोबती लागतात तेव्हा कुठे तो मोकळेपणाने मधल्या पाण्यात येतो. म्हणून छोट्या टँकसाठी मी आता सगळ्यांना एकच सांगते, जाती कमी ठेवा आणि प्रत्येक जातीचे मासे जास्त ठेवा.

पण कुठल्या जाती हे आधी तुमचं पाणी ठरवतं. गप्पी आणि मॉलीला जड, क्षारांचं पाणी मानवतं, पीएच ७च्या वरचं. नियॉन मूळचा अमेझॉनच्या मऊ, थोड्या आम्लधर्मी पाण्यातला. आजकाल तो बहुतेक फार्ममध्येच वाढवलेला असतो त्यामुळे थोडं जड पाणी सोसतो, पण फारच जड असेल तर उगाच हट्ट करू नका. एक साधं टेस्ट किट आणा, पीएच आणि हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा बघा, आणि केमिकल टाकून पाणी बदलत बसण्यापेक्षा आहे त्या पाण्याला मानवणारे मासे घ्या. तापमानाचंही तसंच, गोल्डफिशला थंड पाणी लागतं, वर तो मोठा होतो आणि घाणही खूप करतो, तो या टँकचा मासाच नाही.

सकरबद्दल मात्र थोडं जास्त बोलायचंय. दुकानात तो बोटाएवढा असतो आणि कोणीच सांगत नाही की तो फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो. टँकच एक फूट रुंद, त्यात त्याने वळायचं कसं? माझे दोन्ही शेवटी मोठा टँक असलेल्या ओळखीच्यांकडे दिले. मासा घेताना तो आत्ता केवढा दिसतोय ते बघूच नका, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते विचारा.

दुसऱ्यांदा टँक लावला तेव्हा पाणी, वाळू, झाडं आणि फिल्टर चालू करून अमोनियाचे थेंब टाकत राहिले आणि सहा आठवडे एकही मासा आणला नाही, कारण माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे बॅक्टेरिया तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग आठ हार्लेक्विन रासबोरा, दोन आठवड्यांनी सहा कोरी, आणि सगळ्यात शेवटी एक हनी गोरामी. गोरामी शेवटी अशासाठी की तो जागेवर हक्क सांगू शकतो, आधीच बाकीचे स्थिरावलेले असले की त्रास कमी होतो. रासबोरा मधल्या पाण्यात, कोरी तळाशी, गोरामी वरच्या झाडांत, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही.

कोरी असतील तर खाली बारीक वाळूच हवी, धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात. आणि कोरी मधेच सुसाट वर येऊन हवा गिळून परत जातात, ते बघून घाबरू नका, आतड्यातून हवेतला ऑक्सिजन घ्यायची त्यांची सोयच असते. फक्त सगळेच सारखे सारखे वर यायला लागले तर पाणी तपासा.

परवा एकाने सुचवलं की वरचा भाग रिकामा वाटतोय, हॅचेटफिश घे. मासा सुंदर आहे, पण तो पाण्यावर उडी मारतो आणि माझ्या टँकचं झाकण मागून उघडं आहे, शिवाय त्यांचाही सहाचा ग्रुप लागेल. नाही घेतले.