तुम्ही विचारलेत म्हणून: पॉप आर्टची प्रिंट आणि तिची फ्रेम

सांगलीतल्या आमच्या घरी येणारे बहुतेक जण बैठकीतला मेरिलिन मन्रोचा गुलाबी-पिवळा चेहरा पाहतात आणि विचारतात, "आम्हालाही पॉप आर्टचे असे चित्र लावायचे आहे, तयार फ्रेमसकट मागवावे का?" मी पंचवीस वर्षे लग्नपत्रिकांची स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याची, कामे केली आहेत, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर ठाम आहे: प्रिंट वेगळी घ्या, कागद हातात धरून पाहा आणि फ्रेम आपल्या गावात करून घ्या.

पॉप आर्ट म्हणजे जाहिराती, कॉमिक्स, सिनेतारका अशा रोजच्या ओळखीच्या चित्रांवरून केलेली कला. तिच्यातला अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याने मेरिलिनच्या दहा स्क्रीन प्रिंट्सचा संच १९६७ मध्ये काढला. त्यातली प्रत्येक प्रिंट तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद असून संचाच्या २५० प्रती निघाल्या. पत्रिकेसारखीच तिथेही प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. रंग ठरल्या जागेवरून केसभर सरकला तर आम्ही "रजिस्टर हलले" म्हणून तो कागद बाजूला टाकत असू; वॉरहॉलने मात्र हे सरकणे चित्रात जाणूनबुजून राहू दिले, आणि त्या चेहऱ्यात मला सर्वांत जास्त आवडते तेही हेच. दीड-दोन हजारांत मिळते ती अर्थातच डिजिटल नक्कल असते. ती घेण्यात कमीपणा नाही. रविवर्म्यांच्या छापखान्यातून १८९४ पासून निघालेल्या देवादिकांच्या चित्रांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या भिंती अशाच सजल्या होत्या. मात्र नक्कल चांगली असावी. कॉमिक्ससारखी ठिपक्यांची चित्रे काढणाऱ्या रॉय लिक्टेनस्टाइनचे चित्र घेत असाल, तर त्यातले ठिपके भिंगातून पाहा: त्यांच्या कडा स्वच्छ गोल दिसायला हव्यात. कडा पसरट किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसल्या, तर लहान फोटो ताणून मोठा केला आहे असे खुशाल समजावे. पिगमेंट शाईची (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईची) प्रिंट मागा, कारण साध्या शाईचे रंग उन्हाच्या भिंतीवर लवकर उडतात.

फ्रेमचा आग्रह मी धरतो तो आपल्या पावसाळ्यामुळे. माझी पहिली प्रिंट तयार फ्रेममध्ये घरपोच आली होती, आणि तिचा कागद थेट काचेला टेकलेला होता. जुलैअखेर कागदाला लाटा आल्या, गालावरचा गुलाबी रंग काचेला चिकटला आणि सोडवताना रुपयाएवढा पापुद्रा निघून काचेवरच राहिला. ते पाहताना मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी फ्रेमवाल्याला चारही बाजूंनी दोन-अडीच इंचांचा आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगतो, म्हणजे कागद आणि काच यांच्यामध्ये हवा राहते. प्रिंट पाठीमागे डिंकाने चिकटवू देत नाही. ती फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीने टांगलेली असावी, म्हणजे दमट हवेत तिला फुगायला-आक्रसायला जागा मिळते. मागची फट कागदी टेपने पूर्ण बंद करून घ्यावी, नाहीतर चांदीच्या रंगाची कसर आत शिरते. फ्रेमची पट्टी साधी काळी किंवा पांढरी पुरे. सोनेरी नक्षीच्या पट्टीत हे सपाट, भडक रंग गुदमरतात.

भिंत आतली निवडा. कृष्णाकाठच्या घरांच्या बाहेरच्या भिंती पुरानंतर महिनोन्महिने ओल धरून राहतात. दुसरी जागाच नसेल, तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे ती भिंतीपासून बोटभर सुटी राहील.