तुम्ही विचारलंत म्हणून: गेम बाहेर पडेपर्यंत थांबायचं का?

"पहिल्या गेम स्टुडिओत दीड वर्ष झालं. गेम अजून बाहेर पडलेला नाही आणि दुसरीकडून बोलावणं आलंय. जाऊ की थांबू?" हा प्रश्न नेहमी येतो आणि विचारणाऱ्याला बहुधा वर्षांतलं उत्तर हवं असतं. पण या क्षेत्रात वर्षं मोजून फारसं काही कळत नाही. प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा.

साधारणपणे अल्फा म्हणजे सगळी फीचर्स आली, गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो. बीटा म्हणजे कंटेंटही पूर्ण, आता फक्त बग काढायचे. बीटा लागला असेल तर थांबा, असं मी ठामपणे सांगेन. मेमरी नेमकी कुठे भरते, सेव्ह फाइल कशाने बिघडते, कन्सोल कंपनीच्या सर्टिफिकेशनमधून (प्रकाशनाआधीची तपासणी) बिल्ड, म्हणजे गेमची तयार केलेली आवृत्ती, का परत येतं, हे त्या शेवटच्या महिन्यांतच हाताखालून जातं. सोनीचे नियम टीआरसी, मायक्रोसॉफ्टचे एक्सआर, निन्टेंडोची तपासणी लॉटचेक. खेळताना कंट्रोलरचं कनेक्शन तुटलं आणि गेमने ते नीट हाताळलं नाही, एवढ्यावरूनही बिल्ड नापास होतं.

उलट व्हर्टिकल स्लाइसच (पूर्ण गेम कसा असेल हे दाखवणारा छोटा नमुना) तिसऱ्यांदा नव्याने बनत असेल तर खुशाल निघा. तो गेम रद्दही होऊ शकतो. लाइव्ह गेम (बाहेर पडल्यावरही सतत नवं कंटेंट येत राहणारा) असेल तर चालू सीझन किंवा मोठं अपडेट पार पाडून बाहेर पडा.

आता क्रेडिटचं. गेम बाहेर पडण्याआधी सोडलं तर काही स्टुडिओ नाव गाळतात किंवा 'विशेष आभार'मध्ये टाकतात. आयजीडीए या गेम डेव्हलपरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती पाळायचं बंधन कुणावर नाही. म्हणून निघताना, ईमेल चालू असेपर्यंत, प्रोड्युसरला लेखी विचारा: नाव येणार का, आणि कुठल्या पदाखाली?

सगळ्यात जास्त घोळ पोर्टफोलिओत होतो. गेम जाहीर झालेला नसेल तर एनडीएमुळे (गोपनीयतेचा करार) एक स्क्रीनशॉटसुद्धा दाखवता येत नाही. बिल्ड किंवा कोड घरच्या मशीनवर घेऊन जायचा विचारही करू नका. प्रोजेक्टचं नाव, चित्र, कोड काहीही न देता सांगता येतं ते एवढंच: अडचण काय होती, तुम्ही काय बदललं, फरक किती पडला. "कॉम्बॅटवर काम केलं" या ओळीतून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "चाळीस शत्रूंचा मार्ग एकाच फ्रेममध्ये शोधला जायचा, ९ मिलिसेकंद लागायचे. काम अनेक फ्रेममध्ये वाटलं, ३ वर आलं." सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.६ मिलिसेकंदच मिळतात. त्यातले ६ वाचवले, हे कुठल्याही लीडला लगेच कळतं. हीच युक्ती घरी छोट्या डेमोत नव्याने करा आणि तो डेमो दाखवा. आर्टिस्ट असाल तर रील (निवडक कामाचा व्हिडिओ) मिनिटभराचं ठेवा, सर्वोत्तम काम सुरुवातीला, आणि प्रत्येक शॉटवर तुमचा वाटा लिहा. मॉडेल तुमचं, लायटिंग दुसऱ्याचं, तर तसं.

एंजिन (ज्यावर गेम बनवतात ते सॉफ्टवेअर) बदलणार असाल तर घाबरू नका, पण महिनाभर सराव हवा. युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर आणि वरची दिशा वाय. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर आणि वरची दिशा झेड. युनिटीच्या सी शार्पमधून अनरियलच्या सी प्लस प्लसमध्ये येणारे हमखास अडकतात ते यूप्रॉपर्टीपाशी, म्हणजे ऑब्जेक्ट वापरात आहे हे एंजिनला कळवणाऱ्या खुणेपाशी. क्लासमधल्या पॉइंटरला ती खूण लावायची राहिली की सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. मिनिटभराने गार्बेज कलेक्शन (वापरात नसलेली ऑब्जेक्ट्स आपोआप काढून टाकणं) होतं, ऑब्जेक्ट नाहीसं होतं आणि गेम क्रॅश. मुलाखतीत हे कारणासकट सांगता आलं तर तुम्ही खरोखर काम करून बघितलंय हे दिसतं.

नव्या स्टुडिओकडून भरतीसाठी टेस्ट मिळाली तर किती तास अपेक्षित आहेत ते आधी विचारा. बिनपगारी टेस्टला एका दिवसापेक्षा जास्त वेळ देऊ नये असं मला वाटतं.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. गेमसाठीचा पैसा पब्लिशरचा की स्टुडिओचा स्वतःचा? पब्लिशरचा असेल तर तो माइलस्टोन (कामाचा ठरलेला टप्पा) पास झाल्यावरच हप्त्याने येतो, म्हणून शेवटचा माइलस्टोन कधी पास झाला हे विचारणं अजिबात उद्धटपणाचं नाही. गेल्या तीन महिन्यांत किती शनिवार-रविवार काम झालं? या जागेवर आधी कोण होतं, का गेलं? जानेवारी २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातल्या १,९०० जणांना कमी केलं, तेव्हा कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सही झालेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

आणि करारातलं मालकीचं कलम दोनदा वाचा. नोकरीच्या काळात बनवलेलं सगळं कंपनीचं, असं त्यात बरेचदा असतं, फावल्या वेळातलं कामसुद्धा. तुमचा स्वतःचा छोटा गेम चालू असेल तर सही करण्याआधी तो नावानिशी वगळून घ्या. एचआरने फोनवर "चालेल हो" म्हटलं तरी ते करारात लिहून मागा.