विकतचे आजोळ

मुळशीकडच्या एका रिसॉर्टने ‘आजोळची सुट्टी’ अशी जाहिरात केली होती आणि पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलीला सारवलेले अंगण पाहायला मिळावे म्हणून मी दोन रात्रींचे २८ हजार रुपये भरले. बैलगाडी वाहनतळाभोवती एक फेरी मारून थांबली. चूल छायाचित्रापुरती पेटली, भाकरी मात्र गॅसवरची होती. ‘ताई, तुम्ही आता आमच्या घरच्याच,’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकाने निघताना पिण्याच्या पाण्याचेही वेगळे बिल पुढे केले, आणि मला सर्वांत जास्त लागले ते हेच, कारण आजोळी पाण्याचे पैसे कोणी मागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.