डिस्कससाठी झाडांचा टँक तयार करताना

झाडं लावलेल्या टँकमध्ये डिस्कस मासे ठेवायचे ठरवलं, तेव्हा अनुभवी मंडळींचा सल्ला एकच होता: टँकच्या तळाला वाळू नको, झाडं नकोत, नुसत्या काचेत पाळ. सल्ल्यात तथ्य आहे. डिस्कसच्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं. उरलेलं खाणं वाळूत कुजतं, पाणी बिघडतं आणि पिल्लाची वाढ खुंटते ती कायमची. पण अॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा मला पानांच्या आडून सावकाश पुढे येताना बघायचा होता. म्हणून पिल्लं आणायचीच नाहीत, चार-साडेचार इंचांचे, हाडापेराने तयार झालेले मासेच आणायचे, हे सगळ्यात आधी पक्कं केलं. महाग पडतात, पण माझ्या मते झाडांच्या टँकचं निम्मं यश यातच आहे.

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच घेतला. साधारण ३४० लिटरचा. मासा ताटलीसारखा उभट गोल, त्याला उंची हवीच.

खरी ओढाताण तापमानाची. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात आणि दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच झाडांना २४-२५ अंशांतच बरं वाटतं. मी हीटर पहिल्या दिवसापासून २९ वर ठेवला, टँकमध्ये एकही मासा नसताना. जे झाड या उष्णतेत तग धरणार नाही, ते आधीच कळलेलं बरं. अमेझॉन स्वोर्ड, अनुबियास आणि व्हॅलिसनेरिया रुळले. अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, म्हणून ते सुती दोऱ्याने लाकडाला बांधलं. क्रिप्टोकोरीनची पानं मात्र आठवडाभरात काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. अशा वेळी झाड उपटायचं नाही. मुळं जिवंत असतात. कुजलेली पानं तेवढी कापली आणि काही दिवसांनी मधोमध तांबूस कोंब दिसला. कार्बन डायऑक्साइडची नळी लावली नाही. उजेडही बेताचाच ठेवला, कारण डिस्कसला भगभगीत प्रकाश सोसत नाही. स्वोर्डच्या मुळाशी खताच्या गोळ्या खोचल्या, तेवढ्यावर तो पसरला.

पाण्याचं प्रकरण सगळ्यात किचकट. पुण्यात आमच्याकडे महापालिकेचं पाणी तसं हलकं, म्हणजे कमी क्षारांचं. पण उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं की विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. नळ तोच, पाणी दिसायलाही तसंच. त्यामुळे दर वेळी मोजल्याशिवाय एक बादलीही टँकमध्ये जात नाही. आकडा चढला असेल तर आरओचं, म्हणजे क्षार गाळून काढलेलं पाणी मिसळतो. बदलायचं पाणी आदल्या रात्री पिंपात भरून, त्यातला क्लोरीन घालवून, हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड टाकून ठेवतो. सामू (पीएच) ५.५ वर आणायच्या मागे लागलो नाही. टँकमध्ये पैदास झालेले डिस्कस सातच्या आसपासही सुखाने राहतात. शिवाय सामू सहाच्या खाली गेला की माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून सुटणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणूच मंदावतात. लाकूड आणि रस्त्याकडेच्या देशी बदामाची सुकलेली पानं घातली, त्याने पाणी चहाच्या रंगाकडे झुकलं. ते मला आवडतं.

फिल्टर मुरवताना, म्हणजे मासे सोडण्याआधी त्यात हे जिवाणू वाढवताना, झाडं थोडा चकवा देतात. अमोनिया तीही शोषतात, त्यामुळे पाणी तपासायच्या किटवर शून्य दिसलं म्हणजे जिवाणू तयार झाले असं नव्हे. मी थोडा थोडा अमोनिया घालत राहिलो. जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले, नायट्रेट चढताना दिसलं, तेव्हा कुठे समाधान झालं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून फिल्टरचा पाइप पृष्ठभागावर लाटा उठतील असा वळवला.

सोबतीही उष्णता सोसणारेच हवेत. निऑन टेट्राऐवजी कार्डिनल घेतले, तळाशी फिरणारे स्टर्बाय कोरीडोरस मासे सोडले. एंजलफिश कितीही सुंदर असला तरी नको: खाण्यावर तुटून पडतो आणि त्याच्याकडून डिस्कसला परजीवी लागण्याची भीती असते.

डिस्कस सगळ्यात शेवटी. एकाच ठिकाणचे सहा, साधारण एका मापाचे. दोन-तीनच आणले तर त्यातला दांडगा बाकीच्यांना खाऊ देत नाही; सहा असले की त्याची टोचाटोची सगळ्यांत वाटली जाते. महिनाभर वेगळ्या, झाडं-वाळू नसलेल्या टाकीत ठेवून त्यांची विष्ठा रोज बघितली. पांढरी, दोऱ्यासारखी दिसली तर पोटात परजीवी असू शकतात. मग मोठ्या टँकमध्ये सोडले, दिवे बंद ठेवून. अंगावरचे उभे पट्टे गडद काळे पडले, सगळे लाकडामागे एका कोपऱ्यात. पहिले दोन दिवस खाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घाबरलेल्या डिस्कसचं हे नेहमीचंच, तेव्हा औषध ओतायची घाई करू नये. तिसऱ्या दिवशी गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) टाकले तशी त्यातली मोठी मादी पुढे आली, पाण्याचा फवारा मारून वाळूतला किडा उडवला आणि टिपला. मागोमाग बाकीचे.

आता दिवसातून दोनदा खाणं, तेही स्वोर्डसमोरच्या मोकळ्या वाळूवर, म्हणजे उरलेलं तासाभरात नळीने ओढून काढता येतं. पाणी आठवड्यातून दोनदा, निम्म्याहून थोडं कमी बदलतो.