ॲब्लेशन झाले, मग रक्त पातळ करण्याची गोळी कशासाठी?

"ॲब्लेशन होऊन वर्ष झाले, धडधड थांबली, ईसीजी नॉर्मल आला, मग रक्त पातळ करण्याची गोळी अजून कशासाठी?" ॲब्लेशन म्हणजे अनियमित ठोके सुरू करणारी हृदयातली जागा निकामी करण्याचा उपचार. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून हा प्रश्न मला ओपीडीत, फोनवर आणि लग्नकार्यातही विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न रास्त आहे. गोळीचा खर्च दरमहा होतो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, जरासे कुठे आपटले तरी काळानिळा डाग उमटतो, आणि जिच्यासाठी गोळी सुरू झाली ती व्याधी तर गेल्यासारखी वाटते.

एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे एएफमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. तेथे रक्त साचून गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की अर्धांगवायूचा झटका येतो. फ्रान्समधील बोर्डो येथे मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास करून १९९८ मध्ये दाखवले की, एएफ सुरू करून देणाऱ्या जादा ठोक्यांचे ९४ टक्के उगम फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होते. आजचे ॲब्लेशन त्याच शोधावर उभे आहे. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, वर नेऊन, कप्प्यांमधला पडदा टोचून आम्ही डाव्या बाजूला जातो आणि या शिरांच्या मुखाभोवतीची ऊती उष्णतेने, गोठवून किंवा अलीकडे अत्यल्प काळाच्या विद्युत स्पंदांनी निकामी करतो. शिरेच्या आतून येणारे टोकदार संकेत तोवर पडद्यावर उमटत असतात. मुखाभोवतीचे वर्तुळ पूर्ण झाले की ते एकाएकी नाहीसे होतात. ते पाहताना मला आजही मनापासून आनंद होतो.

मात्र त्या वर्तुळाने रुग्णाचे वय कमी होत नाही, रक्तदाब आणि मधुमेह जात नाहीत. झटक्याचा धोका आम्ही मोजतो तो याच गोष्टींवरून: वय, रक्तदाब, मधुमेह, दुर्बळ झालेले हृदय, रक्तवाहिन्यांचा आजार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्वी येऊन गेलेला झटका. शिवाय नेहमीचा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो, आणि एएफ कित्येकदा काहीही न जाणवता येऊन जातो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अफर्म या अभ्यासात ४,०६० रुग्ण होते. लय सुधारण्यावर भर दिलेला गट असो वा केवळ वेग आवरलेला, बहुतेक झटके आले ते वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध थांबवल्यावर किंवा त्याचा परिणाम अपुरा असताना. स्वतःच्या मनाने गोळी सोडलेले आणि मग नातवाचे नावही उच्चारता न येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यामुळे गोळी थांबवण्याबाबत दीर्घकाळ माझे उत्तर ठाम नकाराचे होते.

२०२५ मध्ये या उत्तराला नवी बाजू मिळाली. ॲब्लेशननंतर किमान वर्षभर एएफ न आलेल्या ८४० रुग्णांवर दक्षिण कोरियात झालेल्या अलोन-एएफ अभ्यासात, दोन वर्षांत झटका किंवा मोठा रक्तस्राव यांसारख्या घटना गोळी थांबवलेल्यांत ०.३ टक्के, तर चालू ठेवलेल्यांत २.२ टक्के घडल्या. हा फरक मुख्यतः रक्तस्रावाचा होता. ओशन या १,२८४ रुग्णांच्या अभ्यासात रिव्हरॉक्सॅबान हे रक्त पातळ करणारे नवे औषध आणि ॲस्पिरिन यांची तीन वर्षे तुलना झाली. मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसणारे मूक झटकेही त्यात मोजले होते, तरी दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात. मात्र त्यांतले बहुतेक रुग्ण मध्यम धोक्याचे होते; ज्यांना पूर्वी झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी मी त्यांचा आधार घेणार नाही.

म्हणून आज मी असे सांगतो. पहिले दोन-तीन महिने गोळी कोणीही थांबवायची नाही, कारण आतली जखम भरत असते आणि तेव्हाच गुठळीची भीती अधिक असते. त्यानंतर वर्षभर एएफ आला नाही, हे केवळ एका ईसीजीवर न सोडता होल्टरसारख्या, म्हणजे अंगावर यंत्र लावून बराच वेळ सलग घेतलेल्या, ईसीजीच्या दीर्घ नोंदींनी पडताळलेले असेल आणि वर सांगितलेल्या गोष्टींवरून मोजलेले झटक्याच्या धोक्याचे गुण कमी असतील, तर गोळी थांबवण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी जरूर बोला. ते बोलणे टाळून परस्पर ॲस्पिरिन सुरू करू नका.

आपल्याकडे अजूनही आढळणाऱ्या एका गटाला यातले काहीच लागू नाही. लहानपणच्या संधिवाती तापाने ज्यांच्या हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली आहे, त्यांच्यासाठी हे अभ्यास नव्हतेच. अशा झडपांच्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवरील इन्व्हिक्टस अभ्यासात, २०२२ मध्ये, वॉरफरिनच्या जातीची जुनी औषधे घेणाऱ्यांत रिव्हरॉक्सॅबान घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू कमी आढळले. त्यांनी एसिट्रॉम किंवा वॉरफरिन चालूच ठेवावे, रक्त किती पातळ झाले आहे हे सांगणारा आयएनआर वेळेवर तपासावा, आणि शेजाऱ्याची गोळी ॲब्लेशननंतर बंद झाली म्हणून आपली बंद करू नये.