वडिलांचा व्यवसाय : मयत

मी वेबसाइट आणि तिच्यावरचे फॉर्म बनवायला शिकवतो. वसतिगृहाच्या वॉर्डन मॅडमचा फोन आला तेव्हा मी वर्गात खेड शिकवत होतो. खेड म्हणजे तालुका, आणि तोही एक नाही. एक पुणे जिल्ह्यात, दुसरा रत्नागिरीत. कर्जतचंही तसंच: एक रायगडात, एक अहिल्यानगरात. मालेगाव नाशकातही आहे आणि वाशिममध्येही. जिल्हा निवडला की त्याच जिल्ह्याचे तालुके दिसावेत, हा माझ्या नवशिक्या मुलांचा पहिला मोठा फॉर्म असतो. 36 जिल्ह्यांची यादी ती कुठून तरी उचलून आणतात. यादी जुनी असेल तर 2014 साली झालेला पालघर जिल्हा तिच्यात नसतोच आणि जव्हार, मोखाडा अजून ठाण्याखाली सापडतात. तालुका नावाने साठवू नका, प्रत्येकाला वेगळा कोड, म्हणजे ओळखक्रमांक द्या, हे मी इतक्यांदा सांगतो की मुलं मागे माझी नक्कल करतात.

मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या फॉर्ममध्ये काहीतरी गडबड आहे. सहा मुलींच्या वडिलांचं नाव 'मयत' आलंय."

"नावापुढे लिहिलंय का तसं?"

"नाही हो. नावच मयत. व्यवसाय मयत. उत्पन्न शून्य."

तो मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन प्रवेशअर्ज होता, तालुक्याच्या गावचा. केला होता माझ्याच मागच्या बॅचच्या एका मुलीने, तीन हजार रुपयांत. तिचं पहिलं पैशाचं काम. मी एकदा नजर टाकून "छान" म्हटलं होतं. दिसायला छानच होता. "पालक कोण?" या प्रश्नाला तीन गोल बटणं: आई-वडील दोघे, फक्त आई, इतर. 'फक्त आई' निवडलं की वडिलांचे तीन रकाने अलगद नाहीसे. मग मयत आला कुठून?

मला वाटलं, गोंधळ तालुक्यांच्या यादीत असणार. ज्यात आपण स्वतःला तरबेज समजतो तिथेच आधी शोधतो माणूस. दोन तास मी तालुक्यांचे कोड तपासत बसलो. ते सगळे बरोबर होते. तिने खेडसुद्धा नीट वेगळे केले होते.

शेवटी मॅडमनी अर्ज भरून देणाऱ्या कॅफेवाल्याचा नंबर दिला. त्याने अर्ध्या मिनिटात निकाल लावला. "साहेब, 'फक्त आई' केलं की बटण चालत नाही. 'दोघे' केलं की चालतं. मग वडिलांच्या जागी मयत टाकतो. बाकीच्या साइटींवर पण आम्ही असंच काहीतरी टाकतो." एका अर्जाचे पन्नास रुपये घेणाऱ्या त्या पोराइतका चांगला टेस्टर मला आजवर भेटलेला नाही. फक्त त्याने सापडलेली चूक कुणाला सांगितली नाही, कारण सांगायचं कुणाला, हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लॅपटॉपवर 'फक्त आई' निवडून सबमिट दाबलं. काहीच झालं नाही. लाल चौकट नाही, सूचना नाही, पान हललंही नाही. ब्राउझर आपल्या तक्रारी जिथे लिहितो तो कन्सोल उघडला तेव्हा तिथे एक ओळ होती: वडिलांच्या नावाचा रकाना अवैध आहे, पण त्यावर फोकस, म्हणजे कर्सर, नेता येत नाही.

वडिलांच्या रकान्यांवर 'रिक्वायर्ड', म्हणजे 'भरलाच पाहिजे', होतं, आणि ते लपवले होते 'डिस्प्ले नन', म्हणजे 'दाखवू नको', लावून. डोळ्यांना रकाना दिसत नाही, पण ब्राउझरच्या लेखी तो जागच्या जागी असतो. सबमिट दाबल्यावर ब्राउझर आवश्यक रकाने तपासतो आणि रिकामा सापडला की तिथे जाऊन "हे भरा" असा फुगा दाखवतो. इथे जायला जागाच नाही. मग तो अर्ज अडवतो आणि गप्प बसतो. तक्रार करतो ती कन्सोलात, आणि मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या माणसाला कन्सोल दिसत नाही. म्हणजे ज्या मुलींना वडील नाहीत नेमक्या त्यांनाच, न दिसणाऱ्या रकान्यात वडिलांचं नाव भरल्याशिवाय अर्ज पाठवता येत नव्हता. कागदी अर्जावर तिथे आडवी रेघ मारली तरी कारकून घेतो.

मुलीला फोन केला. ती घाबरलीच. "सर, मी तपासलं होतं. 'फक्त आई'वर क्लिक केलं, रकाने गेले."

"मग सबमिट केलंस?"

"नाही. गेले ना रकाने."

यावर मी रागावणार होतो, पण तेवढ्यात माझ्याच नोट्स आठवल्या. रकाना घालवायचा कसा? डिस्प्ले नन. तीन वर्षं मी हेच शिकवतोय, फळ्यावर, मोठ्या अक्षरात. तिने माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. आमच्या धंद्यात शिकवणाऱ्याच्या चुका पन्नास-पन्नास प्रतींत निघतात, आणि त्या विद्यार्थ्यांच्या नावावर जमा होतात.

दुरुस्ती तिलाच करायला लावली. तिने आधी लपवताना फक्त 'रिक्वायर्ड' काढलं. बटण चालू झालं, ती खूश. मी तिला सांगितलं, आता 'दोघे' निवड, वडिलांचं नाव टाइप कर, मग मन बदललं असं समज आणि 'फक्त आई' निवडून पाठव. डेटाबेसमध्ये वडील हजर! लपलेला रकाना आपलं मूल्य सर्व्हरकडे निमूटपणे पाठवत राहतो. याला सोपा उपाय 'डिसेबल्ड', म्हणजे रकाना बंदच करणं. रकाना डिसेबल्ड केला की ब्राउझर तो तपासतही नाही आणि पाठवतही नाही. वडिलांचे तिन्ही रकाने एका 'फील्डसेट'मध्ये, म्हणजे एका गटात, ठेवले तर त्या एकालाच डिसेबल्ड करून काम भागतं. हे केल्यावर सर्व्हरवर अर्ज घेणारं पीएचपी कुरकुरायला लागलं, कारण ज्याची ते वाट बघत होतं ते नाव आता येतच नव्हतं. म्हणून मग सर्व्हरवरही तीच अट पुन्हा लिहिली: पालक 'दोघे' असतील तरच वडील शोध. हा भाग मुलांना नेहमी फुकटचा वाटतो. "ब्राउझरने तपासलंय ना सर?" ब्राउझर अर्जदाराच्या हातात असतो, बाळांनो.

आणखी एक. फायरफॉक्समध्ये पान रिफ्रेश केलं तर आधी निवडलेलं बटण तसंच राहतं, पण क्लिक झालेलं नसल्याने रकाने मात्र मूळ अवस्थेत येतात. म्हणून क्लिकवर रकाने दाखवणारं-लपवणारं फंक्शन पान उघडतानाही एकदा चालवायचं. हे तिने स्वतः शोधलं, मी नाही.

वसतिगृहाच्या संस्थेच्या सचिवांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो सर, बायकांना भरता येत नाही नीट, त्याला तुम्ही काय करणार?" मी पुन्हा समजावलं. त्यांनी मान हलवली. अंतिम तारीख चार दिवस पुढे ढकलली, एवढं मात्र केलं. मॅडमनी त्या सहा घरी फोन करून माहिती दुरुस्त करून घेतली.

सहा जणींनी वाट काढली, पण बटण दाबून, पुन्हा दाबून, मोबाइल बाजूला ठेवणाऱ्या किती होत्या? त्या रात्री मी सर्व्हरचे लॉग, म्हणजे भेटींच्या नोंदी, उपसल्या. पान उघडलं की नोंद होते. न गेलेल्या अर्जाचं बटण दाबल्याची नोंद कुठेच नसते. पान उघडूनही अर्ज न आलेले आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, मोजायला घेतले, पण मोबाइल नेटवर्कवर कित्येक फोन एकाच पत्त्यामागे असतात. एका पत्त्यावरून पान नऊ वेळा उघडलं होतं, अर्ज एक. ती एकच चिवट आई होती की नऊ जणी? मी ती यादी अजून पुसलेली नाही. वाढवलेल्या चार दिवसांत 'फक्त आई'चे अकरा अर्ज आले, आणि त्यातल्या दोन मुली तालुका खेडच्या होत्या, जिल्हा पुणे.

नोट्समधलं ते पान मी बदललं. मी शिकवतो त्या संस्थेच्या साइटवरचा माझा जुना व्हिडिओ मात्र तसाच आहे. काढा म्हणून दोनदा सांगितलं. ऑफिसचं म्हणणं, सगळ्यात जास्त बघितला जाणारा तोच आहे.